नेतीचा तक्ता

तुमच्या आत्याआजींना वयामुळे ऐकू येईनासं झालं, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे. ते खरं नाही. त्यांचे कान मेंदूज्वराने गेले. मेंदूज्वर झाला तो मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळत होतं म्हणून, आणि ते पाणी दहा महिने या घरात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गळत होतं. तुम्ही दोघं आता हे समजण्याइतके मोठे आहात. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. मी तेहेतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की मी सगळं गुळगुळीत करून टाकते. म्हणून मराठीत.

त्या माझ्या नणंद, आजोबांची धाकटी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि पन्नास वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो. आजोबांना पाटबंधारे खात्यात नोकरी लागली तेव्हा त्या अकोले तालुक्यातल्या गावातून त्यांचं घर सांभाळायला नगरला आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या इथे होत्याच. त्यांच्या लग्नाचं पाहायचं पाहायचं म्हणत राहिलं. पुढे तुमचे बाबा झाले, मला कॉलेजात जायचं होतं, आणि मग कुणी तो विषय काढेना. त्यांच्या असण्याने आमची दोघांची नोकरी नीट झाली. हे मी तेव्हाही जाणून होते. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

सुरुवात नवरात्रात झाली. आपल्याकडे अष्टमीला पुरणाचा नैवेद्य असतो आणि तो सोवळ्यात वन्संच करतात. सावेडीतल्या या घरात ओटा आला, मिक्सर आला, पण त्या दिवशी त्या खाली पाट घेऊन बसतात आणि हातयंत्रातून पुरण काढतात. मी लिंबं घ्यायला आत गेले. त्या यंत्रावर ओणवल्या होत्या आणि त्यांच्या नाकाच्या टोकावरून पाण्याचा थेंब सुटून थेट खालच्या पातेल्यात पडला. मग दुसरा पडला. त्यांना पत्ताच नव्हता. बाहेर दोन सवाष्णी आणि गुरुजी येऊन बसले होते.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. त्यांना काही होतंय का, असं वाटलं नाही. किळस आली, आणि बाहेर कळलं तर काय, असं वाटलं. "वन्सं, तुम्ही उठा, मी बघते," म्हणून त्यांना उठवलं. पुरणाचा वरचा थर डावाने काढून टाकला. उरलेलं पुरण नैवेद्याला गेलं आणि मग सगळ्यांच्या पानात.

संध्याकाळी मी आजोबांना सांगितलं, "वन्संचं नाक गळतंय. स्वयंपाकात पडतं. काहीतरी करा."

आजोबा निवृत्त झाल्यापासून आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी योगवर्ग घेतात. त्यांच्या वर्गाची खासियत म्हणजे जलनेती. नळीच्या छोट्या भांड्यात कोमट मिठाचं पाणी घ्यायचं, मान कलती करून एका नाकपुडीतून आत सोडायचं, ते दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. मग पुढे ओणवून भात्यासारखा जोराने श्वास सोडायचा, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. सर्दी असो, डोकेदुखी असो, चष्म्याचा नंबर असो, आजोबांकडे उत्तर एकच.

"उद्यापासून नेती," ते बहिणीला म्हणाले.

"दादा, मला सर्दी नाही रे. नुसतं पाणी येतं."

"तेच ते. आत साठलंय, त्याला वाट करून द्यायची."

आणि मी तक्ता आखला. तुम्ही हसाल, पण मला कुठलंही काम हजेरीपटाशिवाय सुचत नाही. फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारल्या. तारीख, नेती केली का, पाणी कोणत्या बाजूने गळलं, किती रुमाल लागले, आणि शेवटी शेरा. तो कागद फ्रिजला लावला. महिना संपला की काढून फायलीत ठेवायचा आणि नवा लावायचा. असे दहा कागद झाले.

आता तुम्ही विचाराल, दहा महिने गळतंय म्हटल्यावर शंका कशी आली नाही? नेतीमुळेच आली नाही. नेती केल्यावर तासा-दोन तासांनी माणूस खाली वाकला की आत अडकलेलं पाणी नाकातून गळतंच. ते सगळ्यांचं होतं. वन्संच्या नाकातून दुपारी पाणी आलं, की आम्ही म्हणायचो, नेतीचं राहिलंय. आजोबा म्हणायचे, "तू जोर लावत नाहीस. पोटातून जोर लाव, पोटातून!" त्या ओणवून जोर लावायच्या आणि मग कपाळ धरून बसायच्या.

"डोकं भणभणतंय रे दादा."

"सुरुवातीला भणभणतं."

सहा महिने झाल्यावरही सुरुवातच चालू होती.

पाणी नेहमी डाव्या नाकपुडीतूनच यायचं. माझ्या तक्त्यात त्या रकान्यात ओळीने 'डावी, डावी, डावी' असं लिहिलेलं आहे. पुढे पुढे मी नुसती वरच्यासारखीच अशी खूण करत गेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी एकदा फोन केला. त्यांनी ॲलर्जीची गोळी सांगितली. ती दिली. शेऱ्यात लिहिलं, 'गोळी सुरू'.

ज्यांना शंका आली त्या धुण्याभांड्याच्या मावशी. पारनेरकडच्या आहेत, वीस वर्षं आपल्याकडे येतात. एकदा मी इस्त्री करत होते, तेव्हा त्या वाळलेला रुमाल घेऊन माझ्यापुढे आल्या.

"बाई, ह्यो बगा. सर्दीचा रुमाल वाळला की कडक हुतो. कांजी केल्यावानी. ह्यो तर मऊ हाय. निस्तं पानी हाय ह्ये."

"मावशी, त्या रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतात. त्याचं आहे ते."

"धुत्यात सकाळी. ह्यो संध्याकाळचा रुमाल हाय. आन् उशी बी वल्ली असती त्यांची. म्या रोज उन्हात टाकते, तुमी न्हाई बगत."

"बरं, बघते. ते दुधाचं पातेलं करपलंय, आधी त्याला पाणी घाला."

त्या गेल्या पातेल्याकडे. जाता जाता स्वतःशीच पण मला ऐकू येईल इतपत म्हणाल्या, "शिकल्याल्या मान्सांला सांगावं तरी काय."

आणखी एक गोष्ट. वन्सं सांगायच्या की घशात सारखं खारट उतरतं. मी म्हणायचे, मीठ कमी घाला भांड्यात. त्यांनी कमी केलं. एक दिवस सकाळी त्या म्हणाल्या, "वहिनी, आज भांड्यात मीठच नव्हतं. तरी खारट लागतंय." मी पेपर तपासत बसले होते, निवृत्तीनंतरही शेजारच्या मुलांचे तपासून देते. मान वर न करता मी 'बरं' म्हटलं आणि नंतर शेऱ्यात लिहिलं, 'मीठ घालायला विसरल्या.'

श्रावणातल्या एका सकाळी त्या उठल्या नाहीत. मी खोलीत गेले तर उजेड नको म्हणून तोंड भिंतीकडे केलेलं, अंग भाजत होतं आणि पलंगाखाली उलटी. मान हलवता येत नव्हती. "आई, खाचरात पाणी चढलंय, भाताची आवणी राहिली," असं काहीतरी गावाकडचं बडबडत होत्या. आजोबांनी गाडी काढली. दवाखान्यात पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. ते गढूळ निघालं. मेंदूज्वर. दोन आठवडे शिरेतून औषधं.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "वन्सं." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कुजबुजता काय? मोठ्याने बोला."

मी मोठ्याने बोलले. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. वन्संनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा खडखडत फिरत होता.

"हा फिरतोय ना?" त्या म्हणाल्या. "मग आवाज का येत नाही?"

दोन्ही कान गेले होते. तपासणी केली. परत येण्यासारखं काही उरलं नाही, असं सांगितलं.

त्याच दवाखान्यात, त्यांना पहिल्यांदा उठवून बसवलं, तेव्हा डाव्या नाकपुडीतून पाण्याची धार लागली. तिथले डॉक्टर थांबले. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हे किती दिवसांपासून?"

आजोबा म्हणाले, "असेल पंधरा-वीस दिवस. सर्दी झाली होती."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला तारीख माहीत होती. मला रुमालांची संख्या माहीत होती. मी पर्सचा बंद नीट केला.

डॉक्टर म्हणाले, "हे मेंदूभोवतीचं पाणी असावं, सीएसएफ. मेंदूकडून नाकात उतरायला कुठेतरी वाट झालीय. तिथूनच जंतू वर गेले. ताजं असेल तर कधी कधी आपोआप बुजतं. उश्या देऊन डोकं उंच ठेवा. वाकू देऊ नका, नाक शिंकरू देऊ नका. तीन आठवडे पाहू. नाही थांबलं तर नाकाच्या सर्जनकडे पाठवू, शस्त्रक्रिया लागेल. पण मध्ये ताप आला तर एक तासही घालवू नका. हा दुसऱ्यांदा झाला तर या वयात हाती लागणार नाहीत."

ते तीन आठवडे वीस दिवसांच्या हिशेबाने दिलेले होते. हे मला तिथेच कळलं होतं.

घरी आणलं. पाठीशी तीन उश्या, समोर स्टीलची वाटी. थेंब वाटीत पडायचा तो मला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. त्यांना येत नव्हता. मी दर चार तासांनी थर्मामीटर लावायचे. आमचं बोलणं वहीवर चालायचं. मी लिहायचे, त्या वाचून मोठ्या आवाजात उत्तर द्यायच्या, कारण आपला आवाज केवढा आहे ते त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या घरापर्यंत जायचा. "पोट साफ झालं नाही!" हेसुद्धा.

आठव्या दिवशी मी आजोबांना म्हटलं, "डॉक्टरांना खरं सांगायला हवं."

"काय खरं?"

"दहा महिने गळतंय हे. वीस दिवस नव्हे."

"त्याने काय फरक पडतो? तीन आठवडे सांगितलेत ना, होऊ देत."

"वीस दिवसांचं समजून सांगितलेत. दहा महिन्यांचं भोक आपोआप बुजत असतं तर एव्हाना बुजलं असतं."

 ते म्हणाले, "आणि विचारलं की दहा महिने काय करत होतात? नेती करत होतो म्हणून सांगू? अर्धी कॉलनी माझ्याकडे बघून नेती करते."

"तुमची कॉलनी राहू द्या हो. त्या मरतील."

"तू तिथे उभी होतीस," ते म्हणाले. "तेव्हा बोलायचं होतं."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला बोललेल्यांपैकी हे सगळ्यात खरं वाक्य. ते लागलं. पण त्यानंतरही मी तीन दिवस घालवले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या तक्त्यावर अक्षर माझं होतं, आजोबांचं नव्हतं, एवढंच सांगते.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगावर शहारे आले. थर्मामीटरचा पारा नेहमीपेक्षा जरासाच वर होता. मी फायलीतून दहाही कागद काढले, मावशींना त्यांच्यापाशी बसवलं आणि रिक्षा करून एकटीच शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात गेले. तिथे पुण्याहून नाकाचे एक सर्जन गुरुवारी येतात, असं कळलं होतं, आणि त्या दिवशी गुरुवार होता. आजोबा बागेत होते. त्यांना सांगितलं नाही.

सर्जन तरुण होते, तुमच्या बाबांपेक्षाही लहान. मी सगळं सांगितलं आणि कागद पुढे ठेवले. त्यांनी ते वरवर चाळले नाहीत. एकेक ओळ वाचली. एका जागी बोट ठेवून थांबले.

"या दिवशी पाण्यात मीठ नव्हतं, आणि खारट लागलं असं त्या म्हणाल्या?"

"हो."

"तुम्ही लिहिलंय, 'विसरल्या'."

"हो."

"मॅडम, तुम्ही शिक्षिका होता का?"

"प्राध्यापिका."

"मी इतकी नीट केस-हिस्ट्री आमच्या विद्यार्थ्यांकडूनही पाहिली नाही." त्यांनी कागद एकत्र केले. "एवढं लिहून ठेवलंत. मग आलात का नाही?"

ते टोचून बोलले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.  मी फक्त विचारलं, नेतीमुळे झालं का? ते म्हणाले, भोक नेतीने पडत नाही. नाकाचं छत आणि मेंदूखालची जमीन म्हणजे एकच पातळ हाड असतं. काही बायकांमध्ये आतला दाब वर्षानुवर्षं वाढलेला असतो आणि ते हाड झिजत झिजत कुठेतरी उघडतं. पडल्या-झडल्याशिवायही. "पण उघडलेल्या जागेखाली रोज पाणी घालायचं, वर जोर लावायचा..." ते थांबले. "त्याशिवायही जंतुसंसर्ग झाला असता कदाचित. कदाचित नसता. मी सांगू शकत नाही."

आजोबांनी या उत्तरातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं. भोक नेतीने पडत नाही, हे ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

वन्संना त्याच दिवशी दाखल केलं. त्यांना पुढे ओणवायला लावून नाकाखाली काचेची नळी धरली आणि थेंब थेंब पाणी जमवलं. ते पुण्याला तपासायला गेलं. मेंदूच्या पाण्यातच सापडणारं एक प्रथिन त्यात निघालं. स्कॅनमध्ये भोकाची जागा दिसली. अंगावरचे शहारे सुदैवाने वाढले नाहीत. शस्त्रक्रिया ठरली.

ते त्यांना समजावून सांगायचं काम माझं. वहीत लिहिलं. बाहेरून कुठेही कापणार नाहीत. नाकपुडीतून दुर्बीण घालतील. मांडीतली थोडी चरबी आणि तिथल्या स्नायूवरचा पांढरा पडदा काढून आतलं भोक बुजवतील. वरून नाकाच्या आतलीच थोडी त्वचा वळवून झाकतील.

त्यांनी दोनदा वाचलं.

"मांडीचं काढून नाकात?"

मी मान हलवली.

"सोवळ्यात चालतं का ते?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की नर्स वळून बघायला लागली. मग आवाज थोडा उतरवून विचारलं, "मग ऐकू येईल?"

'नाही,' मी लिहिलं. 'पण हे नाही केलं तर पुन्हा ताप येईल.'

"म्हणजे मरेन."

मी पेन्सिल धरून बसले. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. "द्या तो कागद. सही कुठे करायची?"

शस्त्रक्रियेला चार तास लागले. नंतर सर्जननी मोबाइलवर आम्हाला आतलं चित्रण दाखवलं. पाठीतून त्यांनी एक पिवळं औषध त्या पाण्यात सोडलं होतं, ते पाण्यात मिसळलं की हिरवं दिसतं. गुलाबी भिंतीवरून हिरव्यागार थेंबांची ओळ उतरत होती आणि ते दुर्बीण त्या ओळीच्या मागावर वर वर नेत होते. जिथून ती निघत होती ती जागा मोहरीच्या दाण्याहून जराशीच मोठी. आजोबा म्हणाले, "एवढंसं?" मग चरबीचा बोळा बसला, पडदा बसला, आणि हिरवं थांबलं.

पुढचे सहा आठवडे वाकायचं नाही, कुंथायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. सगळं मी लिहून घेतलं. चौथ्या दिवशी नाकातलं पॅकिंग काढलं. थेंब नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, ते आनंदाचं होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

परत आले तर वन्सं उश्यांना टेकून बसल्या होत्या.

"वहिनी, डॉक्टर राउंडला आले की कसले कागद बघतात? तुमचं अक्षर आहे त्याच्यावर."

 कागद कॉटपाशी ठेवलेल्या दवाखान्याच्या फायलीतच होते. ते काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. जेवणाची गाडी येऊन गेली, तरी वाचत होत्या. आपलं नाक, आपले रुमाल, आपलं डोकं, दहा महिन्यांचं, माझ्या अक्षरात. एका ठिकाणी त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"हे चुकलंय."

'मीठ घालायला विसरल्या.'

"मी विसरले नव्हते. मीठ मुद्दाम घातलं नव्हतं. नेतीचं खारट आहे का माझ्या नाकातलंच खारट आहे, ते बघायला. तुम्हाला सांगितलं होतं मी."

मी वही ओढून लिहिलं, 'मग पुन्हा का नाही सांगितलंत? जोर देऊन सांगायचं होतं.'

त्यांनी वाचलं आणि हसल्यासारखं केलं. "मी मॅट्रिक. तुम्ही प्रोफेसर. मला वाटलं, तुम्ही लिहिताय म्हणजे तुम्हाला कळलं असेल."

मी लिहिलं, 'माझी चूक झाली.' त्यांनी तेही वाचलं. "हो," म्हणाल्या, आणि कागद जुळवून माझ्याकडे परत दिले. पुढे काही नाही. मला वाटतं मी वाट बघत होते. जाऊ द्या वहिनी, असं काहीतरी त्या म्हणतील म्हणून. आयुष्यभर त्या तेच म्हणत आल्या होत्या.

कानात यंत्र बसवायची एक शस्त्रक्रिया असते, तीही सर्जननी सुचवली. आजोबा म्हणाले, या वयात कशाला. मी म्हटलं, करू. वन्संनी वहीवरचं वाचून सांगितलं, "एकदा डोक्यात हात घालू दिला. आता नाही." मग आजोबांकडे बघून, "आणि ऐकायचंय तरी काय?" आजोबा उठून बाहेर गेले.

त्यांना घरी येऊन आता चार महिने झाले. यंदाच्या नवरात्रात पुरणपोळ्या विकत आणल्या. वन्संनी अर्धी खाल्ली आणि दालचिनी घातलीय मेल्यांनी, एवढं म्हणाल्या. सहा आठवड्यांनी सर्जननी दुर्बिणीतून पाहिलं, जोड छान बसलाय. बागेतला वर्ग चालू आहे, नेतीसकट. आता पाणी उकळून गार केलेलं घ्या, असं आजोबा सांगतात, आणि लोक मान डोलावतात.

तुमच्या बाबांना मी हे सगळं शस्त्रक्रिया झाली त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. "मुलांना कशाला उगाच, वयामुळे म्हणून सांगतो," असं ते म्हणाले. मी तेव्हाही गप्प बसले. म्हणून हे लिहिणं.

वर्षभर लक्ष ठेवायला सांगितलंय. पुन्हा पाणी आलं तर त्याच दिवशी यायचं, एकही दिवस घालवायचा नाही. रोज सकाळी त्यांनी मान खाली घालून दोन मिनिटं बसायचं आणि नाकातून काही येतंय का ते कुणीतरी बघायचं. पहिल्या दिवशी मी वही घेऊन खोलीत गेले. त्यांनी बसूनच दार लोटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मावशींना हाक मारली, मोठ्याने, घरभर ऐकू जाईल अशी.

तेव्हापासून ते काम मावशींचं आहे. त्या हात पुसून आत जातात, दार लागतं. आत दोघी बराच वेळ असतात. मावशी हातवारे करून काय सांगतात मला माहीत नाही, पण वन्सं हसतात. मी तोवर बाहेर उभी असते. कडी वाजली की मी विचारायच्या आधीच मावशी सांगतात, "कोरडं हाय," आणि भांड्यांकडे जातात.